चढायांचं आवर्तन

कबड्डी मी आयुष्यात एकदाच खेळलो. शाळेत सातवा गडी मिळत नव्हता म्हणून मला उभं केलं होतं. 'कबड्डी' या शब्दात अक्षरं तीन. त्यातल्या दुसऱ्या अक्षराला माझा दम संपला. समोरच्या पोरांनी मला धरण्याचे कष्टसुद्धा घेतले नाहीत. एकाने नुसतं "जा घरी" म्हटलं आणि मी गेलो.

त्यानंतरची सगळी हयात दिंडोरीच्या एका कॉलेजात जमाखर्च शिकवण्यात गेली. तेव्हा गेल्या वर्षी प्राचार्यांनी मला केबिनमध्ये बोलावून "कबड्डीच्या संघाबरोबर नाशिकला तुम्ही जायचं," असं सांगितलं, तेव्हा मला वाटलं की त्यांना दुसऱ्या कुणाला तरी बोलवायचं होतं. आमचे खेळाचे सर जिन्यावरून पडून पाय प्लॅस्टरमध्ये घालून बसले होते.

"पण सर, मला त्यातलं काही कळत नाही."

"म्हणूनच तुम्ही! कळणारा माणूस गेला की पंचांशी भांडतो. तुम्ही फक्त पावत्या जपून आणा."

पावत्या जपणं हा माझा हातखंडा विषय. मी हो म्हटलं. पण मैदानावर गेलो आणि पहिल्याच दिवशी कळलं की प्रश्न पावत्यांचा नाही, वाटपाचा आहे.

आमच्या संघात चढाई करणारे तीन वाघ होते. मुलं त्यांना गावावरूनच हाक मारायची. वणीकर उंच, हात असा लांब की मध्यरेषेवर उभं राहून बोनस रेषेपलीकडचा गडी शिवेल की काय असं वाटावं. मोहाडीकर आडवा, द्राक्ष बागायतदाराचा मुलगा. त्याला चौघांनी धरलं तरी चौघांना घेऊन परत यायचा, बैल औत ओढतो तसा. आणि तिसरा ननाशीकर. तालुक्याच्या पश्चिमेकडच्या डोंगरातला, वसतिगृहात राहणारा, अंगाने काडी. बोलायचा दिवसातून चार वाक्यं, त्यातली दोन "हो सर". पण पाय! पाणकिडा पाण्यावरून जातो तसा तो मॅटवरून जायचा.

आता एका वेळी चढाईला एकच माणूस जाऊ शकतो. आमचे तिघेही निघायचे. सरावाच्या एका सामन्यात वणीकर आणि मोहाडीकर एकदमच रेषेपलीकडे गेले, पंचांनी शिट्टी मारली आणि आमची पाळी फुकट गेली. दोघेही तिथेच, प्रतिपक्षाच्या अंगणात, "माझी होती" म्हणून भांडत उभे.

मी त्याच रात्री वही काढली. सामना वीस-वीस मिनिटांचा, म्हणजे चाळीस मिनिटं. एक चढाई जास्तीत जास्त तीस सेकंद. म्हणजे पूर्ण वेळ घेतला तर दोन्ही बाजूंच्या मिळून ऐंशी चढाया. आपल्या वाट्याला चाळीस. चाळीस भागिले तीन, प्रत्येकी तेरा, बाकी एक. बाकी उरलेली एक मी कर्णधाराला देऊन टाकली. तो उजव्या कोपऱ्यात उभा राहून पायाची पकड करणारा दणकट मुलगा, पण आपल्याला चढाईला जायचंय हे ऐकल्यावर त्याचा घसा बसला. "सर, ती एक खात्यातच राहू द्या ना," म्हणाला.

दरम्यान ही वाटपाची भानगड गावभर झाली. दिंडोरीत कुठलीही गोष्ट आधी द्राक्षावर येते आणि मग पाण्यावर. मोहाडीकरचे वडील मला बाजारात गाठून म्हणाले, "सर, वेलीवर सगळेच घड ठेवले का एकाचाही मणी फुगत नाही. विरळणी करा. चांगला घड ठेवायचा, बाकीचे काढायचे." चांगला घड कोणता हे त्यांनी सांगितलं नाही, बापाने सांगायचं नसतंच ते.

उलट बाजूने आमचे शिपाई मामा. मामांची दीड एकर वाघाडच्या कालव्याच्या अगदी टेलला. आमच्या तालुक्यात पालखेड, करंजवण, वाघाड, ओझरखेड, पुणेगाव, तिसगाव अशी धरणांची रांगच आहे, आणि तरीही टेलवाल्याचं आयुष्य वरच्या माणसाकडे मान वर करून बघण्यात जातं. वाघाडच्या कालव्यावर शेतकऱ्यांनी पाणी वापर संस्था काढल्या, मोजून पाणी घेतलं, आवर्तनं वाटून घेतली, हे आता पुस्तकांत आलं आहे. मामांना ते पुस्तकात वाचायची गरज नव्हती. ते म्हणाले, "सर, हेडवाल्याचा ऊस उभा राहतो म्हणून टेलवाल्याची कोथिंबीर वाळवायची का?"

दोघांचंही पटलं. हा माझा जुना दोष आहे.

पहिल्या सामन्यात मी तक्ता घेऊन बसलो. पहिली चढाई वणीकर: दोन गुण. दुसरी मोहाडीकर: साखळीत सापडला, बाद. तिसरी ननाशीकर: रिकामा परत. चौथी पुन्हा वणीकर, एक गुण. तो उठला तो प्रतिपक्षाच्या उजव्या कोपऱ्यावर घेतलेला, आणि मोहाडीकर जिवंत व्हायच्या आतच वणीकर स्वतः पुढच्या फेरीत बाद झाला. तक्त्याप्रमाणे पाळी वणीकरची आणि वणीकर बाकावर माझ्या शेजारी बसून पाणी पितोय. मैदानावरून कर्णधार ओरडला, "सर, कोण?" पाच सेकंदांत माणूस पाठवावा लागतो. माझ्या तोंडात "ती रिकामी सोडा" असं वाक्य आलं होतं.

मध्यंतरापर्यंत आमच्यावर लोण चढला. मी तक्ता फाडला. दुसऱ्या डावात मुलं त्यांना सुचेल तशी खेळली आणि दोन गुणांनी जिंकलो. तक्ता बनवायला लागलेले दोन रुपयांचे कागद मी खर्चात दाखवले नाहीत.

दुसऱ्या सामन्याला द्राक्षाचा सिद्धांत लावला. घड एकच, वणीकर. दहा मिनिटं काय खेळला पोरगा! पण अकराव्या मिनिटापासून समोरचा कोपरा त्याच्या पायाची वाट बघत बसू लागला. त्याची प्रत्येक लकब त्यांना पाठ झाली होती, आणि याची छाती भात्यासारखी हलत होती. दोनदा धरला गेला. आणि तो बाहेर बसला की आत उरलेल्यांना चढाईची सवयच राहिलेली नाही. कसेबसे निभावलो.

त्या रात्री मी मोठ्या संघांचे दाखले काढले. प्रो कबड्डीत 2017 साली पाटण्याच्या प्रदीप नरवालने एका हंगामात चढायांचे 369 गुण मिळवले, त्यातले 34 तर एका सामन्यात, आणि पाटणा विजेता झालं. झालं, म्हटलं, एकच घड! पुढे तो दुसऱ्या संघात गेला. आता पाटण्याचं दिवाळं वाजायला हवं होतं. तर उरलेल्या तिघा-चौघांनी चढाया वाटून घेतल्या आणि फेब्रुवारी 2022 मध्ये तोच संघ पुन्हा अंतिम सामन्यात. तिथे दिल्लीकडून हरले, पण 37-36. एका गुणाने! आणि 1 मार्च 2024 रोजी पुण्याच्या पलटणने हरियाणाला 28-25 असं हरवलं, तेव्हा त्यांच्याकडे नगर जिल्ह्यातला असलम इनामदार, मोहित गोयत, पंकज मोहिते आणि आपल्या नाशिकचा आकाश शिंदे अशी चढाईवाल्यांची पंगतच होती. म्हणजे एकावर भागतं, वाटूनही भागतं, आणि वाटून एका गुणाने बुडतंही. ताळेबंद जुळेना.

जुळवून दिला तो मामांनी. ते आमच्याबरोबर केळी आणि पाण्याचे जार सांभाळायला आले होते. मी त्यांना वही दाखवून म्हटलं, "मामा, हा ननाशीकर तोट्यातलं खातं आहे. बारा चढाया, त्यातल्या नऊ रिकाम्या."

मामा हसले. लहानपणी ते हुतूतू खेळलेले. "सर, तो पोऱ्या रिकामा नाही येत. तुम्ही त्याच्याकडे बघता, मी समोरच्या कोपऱ्याकडे बघतो. हा डावीकडं असा नाचतो का तो कोपरा दोन पावलं आत सरकतो. मग वणीचा जातो आणि त्याच जागेतून बोनस घेतो. बारं ह्याने धरलं, भिजली त्याची जमीन."

पुढच्या सामन्यात मी कोपऱ्याकडे बघत बसलो. खरंच की! ननाशीकर जाऊन आला की समोरची साखळी विस्कटलेली असायची, जेवणावळीनंतरच्या पाटांसारखी. आघाडी आपली असेल तेव्हा तो पूर्ण तीस सेकंद खायचा आणि कुणाच्या हाती न लागता परत यायचा. गुणपत्रकात याला रकानाच नाही. त्याच्या नावापुढे शून्य, शून्य, शून्य. मी वहीत स्वतःचा एक रकाना पाडला आणि त्यावर 'उ' लिहिलं. उ म्हणजे उपयोग.

आता इथे एक गोष्ट कबूल करतो. निवड समिती सामने बघायला येणार होती. वरच्या संघासाठी बारा मुलं निवडायची होती. वरच्या पातळीवरची प्रमाणपत्रं लागली तर पुढे सरकारी नोकरीतल्या खेळाडूंच्या पाच टक्के जागांचं दार किलकिलं होतं. मोहाडीकरला बाग होती. वणीकरच्या घरचं दुकान होतं. ननाशीकरचं शेवटचं वर्ष होतं आणि घरी वरकस जमीन, तीही पावसाच्या मर्जीवर. त्याने मला कधी काही मागितलं नाही. मागितलं असतं तर बरं झालं असतं. नाही म्हणता आलं असतं. बाकी दोघांनी मागितलं होतं, आणि मी दोघांनाही वेगवेगळं बाजूला घेऊन "तुला जास्त चढाया देतो" असं सांगून बसलो होतो. जमाखर्चात याला दुबार नोंद म्हणतात.

उपांत्य सामना. समोरच्या खुर्च्यांवर निवड समिती. शेवटची तीन-चार मिनिटं आणि आम्ही 28-26 पुढे. मी हुशारी केली: ननाशीकरला पाठवून वेळ खायला सांगितलं. तो गेला, तीस सेकंद नाचला, रिकामा आला. त्यांनी एक गुण घेतला. पुन्हा ननाशीकर, पुन्हा रिकामा. त्यांनी पुन्हा एक घेतला. 28-28. आता आमची तिसरी चढाई, आणि दोन रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण आणावाच लागतो, नाहीतर जाणारा बाद. घड्याळात तेवढ्याच एका चढाईची वेळ.

मामांचा सिद्धांत स्पष्ट होता. ननाशीकरने दोन चढायांत त्यांचा कोपरा आत ओढून ठेवला होता. जमीन भिजली होती, आता वणीकरने पेरायचं. माझी वहीसुद्धा तेच सांगत होती. ननाशीकरला तर ते सगळ्यांच्या आधी कळलं होतं. माझ्याकडे बघून त्याने वणीकरकडे बोट केलं आणि म्हणाला, "सर, आता याची आहे."

मी म्हटलं, "तूच जा."

समितीपुढे त्याच्या नावावर एक तरी गुण पडावा म्हणून. दुसरं कारण नव्हतं.

तो गेला. सलग तिसऱ्यांदा, थकलेल्या पायांनी. त्याने कोपऱ्याच्या मनगटाला हात लावला आणि त्याच क्षणी मागून दोघांनी कमरेला मिठी घातली. मध्यरेषा त्याच्या बोटांपासून वीतभर राहिली. शिट्टी. 28-29.

मोहाडीकर एवढंच म्हणाला, "सर, वणीला पाठवलं असतं तर..." आणि गप्प झाला. स्वतःचं नाव त्याने घेतलं नाही, हे मला फार लागलं.

माझा एक भाचा अमेरिकेत असतो. त्याला फोनवर ही कथा सांगितली तर तो म्हणाला, "मामा, इकडे कॉलेजच्या फुटबॉलमध्ये हाच घोळ. चेंडू एक, घेऊन पळणारे दोन-तीन. मग पळणाऱ्यांची समिती करतात." समिती म्हटल्यावर मी जरा सावरून बसलो. त्याने एक सामना सांगितला, जानेवारी 2006 चा. दक्षिण कॅलिफोर्नियाच्या संघात त्या हंगामात हजार यार्डांच्या वर पळालेले दोन गडी होते, रेजी बुश आणि लेंडेल व्हाइट. शेवटच्या काही मिनिटांत दोन यार्ड हवे होते. चेंडू दिला व्हाइटला. बुश मैदानाबाहेर उभा. व्हाइटला अडवला, आणि टेक्सासने सामना 41-38 ने नेला. "व्हाइट त्या दिवशी 124 यार्ड पळाला होता, म्हणजे त्याला देणं वेडेपणाचं नव्हतं," भाचा म्हणाला, "तरी लोक अजून विचारतात, बुश बाहेर का?" मला जरा बरं वाटलं. पण जराच. त्यांच्या गुरुजींनी निदान जिंकण्यासाठी दिला होता.

संध्याकाळी मी वही घेऊन समितीतल्या एका वयस्कर गृहस्थांना गाठलं. कान पकडीत चुरगळलेले, बोटं वाकडी. जुना खेळाडू चेहऱ्यावरूनच कळत होता. मी 'उ' चा रकाना दाखवून भाषण सुरू केलं. त्यांनी वही मिटून परत दिली.

"सर, अकाउंटचे का?"

"हो."

"तो पोरगा आम्ही सकाळीच लिहून घेतलाय. त्या दोन रिकाम्या चढाया बघून तर खूण केली नावापुढे. तिसरीला मात्र त्याला कशाला पाठवलात? कोपरा उघडा होता की."

मी म्हटलं, "चूक झाली."

यादी लागली. वणीकर चौथा, मोहाडीकर राखीव, ननाशीकर सातवा. ननाशीकरने यादी दोनदा वाचली आणि माझ्याकडे येऊन म्हणाला, "सर, तो मनगटाला लागलेला हात, तो लागला होता ना?" लागला होता, मी म्हटलं. पण वेळेत परत नाही आलं तर धरत नाहीत. "हो सर," म्हणाला.

परतताना जीपला पुढची सीट एकच. म्हसरूळच्या पुढे रस्त्यावर गार वारा सुटला होता आणि मागे बारा जण एकमेकांच्या मांडीवर. वणीकर म्हणाला मी, मोहाडीकर म्हणाला मी. मी सहज म्हटलं, ढकांब्यापर्यंत एक, तळेगावपर्यंत दुसरा, तिथून दिंडोरीपर्यंत तिसरा, म्हणजे अंतर साधारण...

"सर, हिशोब नको!" मागून सगळे एकदम ओरडले. मग त्यांनी आपसांत काहीतरी ठरवलं आणि पुढच्या सीटवर मामांना बसवलं. मी मागे, पाण्याच्या रिकाम्या जारवर.