बंबावरचे नाव

दिवाळीला आठ दिवस होते तेव्हा मी महाडला गेलो, तो आत्याचा बंब मागायला. खोटे कशाला सांगू, हेतू काही फारसा उदात्त नव्हता. आमच्या ठाण्याच्या घरात दिवाणखान्याचा एक कोपरा रिकामा होता आणि तिथे काय शोभेल यावर महिनाभर खल चालला होता. हल्ली जुने तांब्याचे बंब घासूनपुसून, त्यांत मोरपिसे खोवून, बैठकीत मांडण्याची पद्धत पडली आहे. "महाडच्या आत्यांकडे आहे की एक!" असे आमच्या सौभाग्यवती उद्गारल्या आणि कोपरा भरल्यातच जमा झाला.

ज्यांच्या न्हाणीघरात पहिल्यापासून गीझरच आहे अशा वाचकांसाठी बंब म्हणजे काय ते सांगायला हवे. तीन पायांवर उभे असलेले तांब्याचे पिंप डोळ्यांसमोर आणा. त्याच्या पोटातून, खालपासून वरपर्यंत, तांब्याचाच एक नळा गेलेला असतो. नळ्याच्या तळाशी लोखंडी जाळी आणि जाळीखाली राखेचे ताट. नळ्यात वरून कोळसे, करवंट्या, चिपाडे, जे हाताशी असेल ते टाकायचे. विस्तव मध्ये आणि पाणी त्याच्या चहूंकडे, त्यामुळे उष्णतेला वाया जायला वाट थोडी. शिवाय तांबे लोखंडाच्या सुमारे पाचपट वेगाने उष्णता वाहून नेते. बाजूच्या पितळी तोटीतून कढत पाणी काढायचे आणि जेवढे काढले तेवढे गार पाणी वरून ओतायचे. पथ्य एकच: पोटात पाणी असल्याशिवाय विस्तव घालायचा नाही. कोरड्या बंबाचे सांधे सुटतात.

महाड हे पाण्याचे गाव आहे. सावित्री आणि गांधारी यांच्या संगमाशी ते वसले आहे. एके काळी बाणकोटच्या खाडीतून भरतीच्या पाण्यावर गलबते वर येत आणि घाटावर जाणारा माल इथून बैलांच्या पाठीवर चढे. जवळच सव गावी नदीकाठी ऊन पाण्याचे झरे आहेत. तिथे निसर्गानेच बंब पेटवून ठेवला आहे. गावातले चवदार तळे तर साऱ्या देशाला ठाऊक. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्या तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले ते तहान भागवण्यासाठी नव्हे, पाण्यावर सर्वांचा सारखा हक्क आहे हे बजावण्यासाठी. आणि हेच पाणी कधी उलटतेही. २२ जुलै २०२१ च्या महापुरात बाजारपेठेतल्या घरांतून माणसाच्या उंचीच्या वर पाणी चढले. आत्या माडीवर होती म्हणून वाचली. खाली मागच्या पडवीतला बंब मात्र आडवा होऊन दोन दिवस चिखलात पडला होता. तेव्हापासून त्यात विस्तव पडलेला नव्हता.

मी विषय काढला तेव्हा आत्या भाजणी चाळत होती. वय अठ्ठ्याहत्तर, पण आवाज अजून खणखणीत.

"ने की," ती म्हणाली. "पण आधी दुरुस्त करून आण. एक नरकचतुर्दशी मला त्याच्या पाण्याने न्हाऊ दे. मग त्यात मोरपिसं लाव, नाहीतर शेवग्याच्या शेंगा लाव. मी विचारायला येणार नाही."

बंब पाहिला. नळ्याच्या बुडाशी सांधा सुटला होता आणि जाळी गंजून गेली होती. अंगावरच्या हिरवट डागांखाली, ठिपक्याठिपक्यांनी कोरलेले आत्याच्या सासूबाईंचे नाव आणि शके १८७४ एवढे वाचता येत होते. म्हणजे १९५२ साल.

महाडच्या बाजारात चौकशी केली. ज्या दुकानात लहानपणी मी तांब्याच्या घागरींची उतरंड पाहिली होती तिथे आता स्टील आणि प्लास्टिक होते. गल्ल्यावरचा मुलगा म्हणाला, "वेल्डिंगवाल्याकडे नेऊ नका, भोक पाडून ठेवील. पोलादपूरला एक म्हातारे आहेत. बसत असतील तर बघा."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही निघालो. आत्या हट्टाने बरोबर आली. बंबाला एकटे सोडायला ती तयार नव्हती. एस.टी.त कंडक्टरने आम्हा तिघांकडे आळीपाळीने पाहिले. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना २०२२ पासून प्रवास मोफत आहे, म्हणून आत्याला तिकीट नव्हते. मला पूर्ण होते. बंबाविषयी तो जरा घुटमळला. "याचं वय काय?" त्याने विचारले. "सत्तरच्या वर," मी म्हणालो. "म्हणजे याला अजून माफी नाही," असे म्हणून त्याने सामानाचे तिकीट फाडले आणि सारी गाडी हसली.

वाटेत सावित्रीवरचा पूल लागतो. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री इथला जुना दगडी पूल पुरात वाहून गेला आणि त्याच्याबरोबर एस.टी.च्या दोन गाड्याही गेल्या. नव्या पुलावर आल्यावर गाडीतले हसणे आपोआप थांबले. आत्याने बंबावरचे हात काढून जोडले आणि पूल ओलांडल्यावर पुन्हा बंबावर ठेवले.

पोलादपूरला रस्ता फुटतो. एक फाटा कशेडीकडे जातो, दुसरा आंबेनळी घाटाने प्रतापगड-महाबळेश्वरला चढतो. त्या घाटाकडे पाहताना मला वरचे साहेबांचे जुने बंगले आठवले. १८२८ च्या सुमारास, गव्हर्नर माल्कमच्या वेळी, महाबळेश्वरला साहेबांची वस्ती सुरू झाली आणि बंगल्यांतून विलायती थाटाच्या भिंतीतल्या शेकोट्या आल्या. अशा शेकोटीची बहुतेक उष्णता धुराड्यातून आभाळात जाते. तिकडे अमेरिकेत बेंजामिन फ्रँकलिनने यावर उपाय म्हणून लोखंडी शेगडी काढली आणि १७४४ साली तिच्यावर एक पुस्तिकाच लिहिली. थंड मुलखातल्या माणसाला सारी खोली तापवावी लागते. आपल्या कोकणात तेवढी थंडी कुठली? आपण दोन बादल्या पाणी तापवतो आणि माणसालाच ऊब देतो.

म्हातारेबुवा भेटले. घराच्या ओट्यावर ऊन खात बसले होते. बंब पाहताच त्यांनी त्यावरून तळहात फिरवला.

"पुण्याचा आहे. तांबट आळीचा."

"कशावरून?" मी विचारले.

"तुम्ही अक्षर बघून मुलगा ओळखता ना? तसंच."

आत्याने मान डोलावली. तिच्या सासऱ्यांनी तो पुण्याहूनच आणला होता. आता गंमत पाहा. पुण्याच्या कसबा पेठेतले हे तांबट मूळचे कोकणातले. पेशवाईत ते वर गेले असे सांगतात. म्हणजे कोकणातला हात घाट चढून गेला आणि त्याची करणी दोन शतकांनी घाट उतरून महाडला आली.

त्यांनी अंगणातच भाता लावला. सुटलेला भाग तापवून मऊ केला, लोखंडी खुंटावर धरून ठोकला, मग डाक देऊन सांधला. चेपलेल्या अंगावर पुन्हा माठारकाम केले. माठारलेल्या भांड्यावरचे ते चमकते ठसे मी आजवर नक्षीच समजत होतो.

"नक्षी नव्हे हो," ते हातोडी न थांबवता म्हणाले. "तांबं मुळात मऊ. ठोकलं की घट्ट होतं, ताठ उभं राहतं. शोभा आली ती आपसूक आली."

बसल्या बसल्या मी त्यांना परदेशातल्या गोष्टी सांगितल्या. रशियात चहाच्या पाण्याचा समोवार असतो, त्याची रचना थेट बंबासारखी: मध्ये कोळशाचा नळा, भोवती पाणी. तुला नावाच्या गावी १७७८ साली लिसित्सिन बंधू ते बनवीत अशी नोंद आहे. पुढे तिथल्या कारखानदारांनी समोवारांवर आपले नाव आणि प्रदर्शनांत मिळालेली पदकेही ठोकली. इंग्लंडात कोलब्रुकडेलला अब्राहम डार्बीने १७०९ मध्ये दगडी कोळशाच्या कोकवर लोखंड गाळले. तिथल्या ओतीव शेगड्यांवरही पुढे कारखान्याचे नाव आले. आज जुन्या वस्तूंचे शौकीन ते नाव वाचून वस्तूचे घराणे सांगतात.

"आमच्याकडे नाव घेणाऱ्याचं," म्हातारेबुवा म्हणाले. "भांडं हरवलं तर कुणाचं ते कळायला नको?"

"मग आज तुमचं घाला," आत्या एकदम म्हणाली. "सासूबाईंच्या खाली. जागा आहे."

ते मोकळेपणाने हसले. "वहिनी, नाव घालायचे मी अक्षरामागं पैसे घेतो. माझ्याच नावाचे कुणाकडून घेऊ?"

आत्याने पुन्हा आग्रह केला, पण त्यांनी घातले नाहीच. मी हे सारे लिहिणार आहे असे म्हणालो तर मलाही त्यांनी अडवले. नाव छापाल तर लोक बंब घेऊन येतील आणि आता हात चालत नाही, असे त्यांचे म्हणणे. म्हणून या लेखातही त्यांचे नाव नाही.

बंब झाला, आता कोळसा हवा होता. बाजारातल्या एका दुकानात इस्त्रीवाल्यांसाठी कोळशाची पोती ठेवलेली होती. दुकानाबाहेर एक कातकरी जोडपे नव्या घमेल्याचा भाव करीत उभे होते. आत्या कुणाशीही बोलते. तिने विचारले, कुठले, कुठे निघालात?

"देशावर. भट्टीला," तो म्हणाला. "पाडवा झाला की निघायचं."

मला पुस्तकातले आठवले. कातकरी हे नावच काताचे. खैराचा गाभा उकळून कात काढणे हा त्यांचा मूळ व्यवसाय. १८७८ च्या जंगल कायद्यानंतर रान सरकारी झाले आणि कातवाले दुसऱ्याच्या कोळशाच्या भट्ट्यांवर मजूर झाले. लाकडे रचायची, पाल्याने झाकायची, वर माती लिंपायची आणि आत हवा फार शिरू न देता दिवसचे दिवस धुमसत ठेवायची. मातीला चीर पडून वारा आत गेला तर कोळशाची राख होते, म्हणून रात्रीही जागायचे. चार-पाच किलो लाकडामागे जेमतेम किलोभर कोळसा हाती लागतो. मुंबई-पुण्याच्या शेगड्या आणि बंब पिढ्यान्‌पिढ्या या कोळशावर पेटले. आजही पावसाळ्यापूर्वी घेतलेली उचल फेडायला घरेच्या घरे दिवाळीनंतर घाट चढतात.

"पोरं?" आत्याने विचारले.

"बरोबरच. ठेवणार कुणापाशी?" ती बाई म्हणाली. तिच्यामागे आठ-नऊ वर्षांचा मुलगा उभा होता. मी मास्तरी सवयीने त्याला इयत्ता विचारली. "तिसरी," तो म्हणाला आणि लगेच पुढे म्हणाला, "पावसात परत येतो मी." मला काही बोलायला सुचले नाही. मी वर्गात हजेरी घेतो तेव्हा गैरहजर मुलाच्या नावापुढे फुली मारतो. त्या फुलीमागे काय काय असते याचा विचार क्वचितच केलेला.

नरकचतुर्दशीला सौभाग्यवती आणि मुले महाडला आली. पहाटे आत्याने उघड्या पडवीतच बंब पेटवला. कोळशाच्या विषारी वायूला रंग नाही, वास नाही, बंद खोलीत तो झोपेतच माणसाला नेतो. म्हणून दार उघडे ठेवायची तिची शिस्त कडक होती. नळ्यात निखारे फुलले, पाणी गुणगुणू लागले, उटण्याचा वास सुटला. मुलांनी तुळशीपाशी पायाखाली कारीट फोडले आणि "गोविंदा, गोविंदा" करीत ती एकामागून एक न्हाली. मग आत्या स्वतः न्हायली. बाहेर आली तेव्हा ती काही बोलली नाही; नुसता बंबावर हात टेकून उभी राहिली. नंतर पाच तऱ्हांचे पोहे झाले.

"आत्या, बंब इथेच राहू द्या," निघताना सौभाग्यवती आपणहून म्हणाल्या. "कोपऱ्यात आम्ही कुंडी ठेवू."

भाऊबीज करून आम्ही महाडच्या स्थानकावर आलो. फलाटाच्या टोकाशी बोचकी, घमेली आणि कोंबड्यांची एक पाटी घेऊन दहा-बारा माणसे देशावरच्या गाडीची वाट पाहत होती. त्यांत तो पोलादपूरचा मुलगा होता. मला पाहून ओळखीचे हसला. सगळ्यांच्या डोक्यावर, खांद्यावर काही ना काही होते. त्याच्या पाठीला शाळेचे दप्तर होते. मी जवळ जाऊन त्याचे नाव विचारले. त्याने सांगितले आणि मग, मास्तर लिहून घेतील अशा बेताने, एकेक अक्षर सावकाश पुन्हा म्हणून दाखवले.