गाठ गेली, तरी रिपोर्ट जपा

माझ्या थोरल्या जाऊबाईंच्या थायरॉइडच्या कर्करोगाचं ऑपरेशन झालं, तेव्हा घरचे म्हणाले, "गाठ गेली, सुटलो!" जाऊबाईंनी मात्र काढलेल्या गाठीचा रिपोर्ट जपून ठेवला. आजार उलटण्याचा धोका किती, हे बरंचसं त्यावरूनच ठरतं. गाठ ४ सेंटिमीटरहून मोठी असली, ग्रंथीबाहेर पसरली असली, मानेतल्या लसिकाग्रंथींत किंवा रक्तवाहिन्यांत शिरली असली, तर धोका अधिक. पॅपिलरी या नेहमीच्या प्रकारात बहुतेकजणी बऱ्या होतात. पण क्वचित २० वर्षांनीही तो मानेत डोकं वर काढतो. म्हणून मैत्रिणींनो, थायरॉक्सिनची गोळी सकाळी उपाशीपोटी, चहा तासाभराने. मानेची सोनोग्राफी, थायरोग्लोब्युलिनची रक्ततपासणी डॉक्टर सांगतील तेव्हा करायचीच. सणवार, पाहुणे, मुलांच्या परीक्षा यांत नेमकी आपलीच तारीख मागे पडते. ती कॅलेंडरवर दुधाच्या हिशेबाशेजारी लिहावी. दुधाचा खाडा आपण विसरत नाही, मग ही का विसरायची?