लावा एक बाटली

उन्हाळ्यात आम्हा पोरांना जुलाब सुरू झाले की आजी उकळून गार केलेलं लिटरभर पाणी घ्यायची. त्यात सहा चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. चमचा शीग लावून भरलेला चालत नसे. बोट फिरवून ती तो सपाट करायची. मग एक थेंब स्वतःच्या जिभेवर. अश्रूंपेक्षा खारट लागलं तर सगळं ओतून पुन्हा. उलटी झाली की दहा मिनिटं थांबायची आणि परत चमच्याचमच्याने पाजायची. आम्हाला तो छळ वाटायचा. हे प्रमाण तिला आरोग्य केंद्रातल्या नर्सबाईंनी शिकवलेलं.

त्या चमच्यामागची गोष्ट मला कळली ती खूप पुढे, डॉ. दिलीप महालनोबीस यांच्याविषयी वाचताना. 1971 साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांनी पश्चिम बंगालमधलं बनगाव भरून गेलं होतं. कॉलरा पसरला, शिरेतून द्यायचं सलाईन संपत आलं. तेव्हा त्यांनी लिटरभर पाण्यात 22 ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ आणि अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा असं मिश्रण करून ते रोग्यांच्या नातेवाइकांच्याच हाती दिलं. तिथे शंभरातले तीसेक रोगी दगावत होते. ते प्रमाण चारच्या खाली आलं. एवढ्या मोठ्या माणसाला पद्मविभूषण मिळालं 2023 मध्ये, ते गेल्यानंतर. असो.

साखर या पाण्यात चवीसाठी नसते. कॉलऱ्यात आतडं पाणी बाहेर सोडत सुटतं, पण ग्लुकोज आणि सोडियमला जोडीने आत घेणारी वाट शाबूत राहते. ही जोडी आत शिरली की पाणी तिच्यामागून जातं. साखर जास्त झाली तर मात्र उलटंच होतं, पाणी आतड्यात ओढलं जातं आणि जुलाब वाढतात. म्हणूनच माझ्या मुलाच्या वेळी औषधाच्या दुकानात हातात पडलेला फळांच्या चित्रांचा गोड पेयाचा डबा मी परत केला आणि ओआरएसची साधी पुडी मागितली. असल्या पेयांच्या नावात ‘ओआरएस’ लिहायला 2025 मध्ये मनाई झाली. फार आधी व्हायला हवी होती. पुडीत पोटॅशियमही असतं. ते आजीच्या पाण्यात नव्हतं, पण ती वर मऊ भात आणि केळं द्यायची.

आमच्या अण्णांचा मात्र या स्वस्त पाण्यावर कधीच विश्वास बसला नाही. सुई टोचली, बाटली टांगली, थेंब मोजत पडून राहिलं म्हणजे उपचार. गेल्या पावसाळ्यात त्यांना ढाळ लागले तेव्हा डॉक्टरांनी जीभ पाहिली, नाडी आणि रक्तदाब पाहिला, लघवी होते का विचारलं. उलटी नव्हती, तोंडाने नीट पीत होते. डॉक्टर म्हणाले, पुड्या पुरेत, लक्ष ठेवा, लघवी कमी झाली किंवा ग्लानी वाटली तर लगेच आणा.

रिक्षात अण्णा तोंड फिरवून बसले. “एवढ्या लांब आलो, निदान एक बाटली तरी लावायची!”

संध्याकाळी शेजारचे काका चौकशीला आले. मी आत पुडी ढवळत होतो. बाहेरून अण्णांचा आवाज आला, “दोन लावल्या. आता जरा बरं आहे.”