वर्तुळातला खडा

पऱ्हाटीची शेवटची वेचणी आटोपली की गुरुजी स्काऊटचा खुणांचा खेळ लावत. घाटंजी तालुक्यातली आमची शाळा. बाजूनं वाघाडी नदी, पुढं वावरं, मग सागवान. आठ मुलांचा एक संघ आधी निघे. पंधरा मिनिटांनी आम्ही, धावतच.

पुढचे काळ्या मातीत काडीनं बाण काढून जात. फुली दिसली, की ही वाट नव्हे. धुऱ्यावर गवताची गाठ, जिकडे शेंडा वाकलेला तिकडे वळायचं. मुरमाड जागी मोठ्या दगडावर लहान दगड, उजव्या अंगाला आणखी एक: उजवीकडे. या धावण्यात पायांपेक्षा डोळे आधी दमत.

मी सगळ्यात मागे असे. पाहून झालेली खूण पुसणं हे माझं काम. शिळ्या खुणेनं उद्या दुसरं कोणी चुकू नये, म्हणून.

२०१९ च्या जूनमध्ये आमच्याच टिपेश्वरच्या जंगलातून एक तरुण वाघ निघाला. गळ्यात रेडिओ कॉलर होती म्हणून त्याची वाट कळली: नऊ महिन्यांत सुमारे ३,००० किलोमीटर, आणि मुक्काम बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात. नकाशावरची ती ठिपक्यांची रांग पाहून जीव हुरहुरला. त्याच्या मागून कोणी येणार नव्हतं. पावलाचा ठसा आपसूक उमटतो. खूण मात्र धावता धावता थांबून, वाकून, मागच्यासाठी काढावी लागते. पुढे असण्याचं भान मला त्या खेळानंच दिलं.

शेवटची खूण म्हणजे वर्तुळ आणि मधोमध ठिपका: मी घरी गेलो. स्काऊट चळवळीचे जनक बेडन-पॉवेल १९४१ मध्ये केनियात वारले. न्येरीतल्या त्यांच्या कबरीच्या दगडावर हीच खूण कोरलेली आहे.

एका वर्षी पळसाखाली ते वर्तुळ सापडलं. ठिपक्याच्या जागी खडा होता, खड्याखाली पळसाचं पान, पानाखाली मूठभर बोरं. पुढच्यांनी स्वतः न खाता मोजून आठ ठेवलेली. आम्ही तिथंच बसून खाल्ली. मग मी वर्तुळ पुसलं, खडा दूर ठेवला. बोरांच्या आठ आठोळ्या तेवढ्या मातीत राहू दिल्या.