ड्रॉपडाऊनमध्ये न मावलेले सर

मागच्या दिवाळीत चंद्रपूरला घरी होतो. दुपारी सरांचा फोन आला. “एक फॉर्म भरायचा आहे बे. तू कम्प्युटरवाला ना, येतोस का जरा?”

सर म्हणजे इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी आम्हाला फिजिक्स शिकवणारे. सर्नच्या एका प्रयोगातल्या डेटावर पीएचडी केलेले आणि तेव्हापासून आजवर तासिका तत्त्वावर. जितके तास शिकवले तितके पैसे. उन्हाळ्याची सुट्टी लागली की तेही बंद.

यावेळी एका विद्यापीठाच्या कायम पदाची जाहिरात होती. शोधनिबंधांच्या रकान्यात विचारलं होतं, एकूण लेखक किती? ड्रॉपडाऊन १० वर संपत होता. सरांच्या निबंधांवर दोन-दोन हजार नावं.

“दहा टाक,” सर म्हणाले.

“खोटं होईल ना सर?”

“मग खरं कुठं टाकू, दाखव.”

सर हसले. मला हसू आलं नाही. पुण्यात मी असेच फॉर्म बनवतो. १० हा आकडा माझ्यासारख्याच कुणीतरी चहा पिता पिता ठरवला असणार.

२०१५ साली याच सरांनी वर्गात एक प्रिंट आणली होती. सर्नच्या अ‍ॅटलास आणि सीएमएस या दोन प्रयोगांनी मिळून हिग्ज बोसॉनचं वस्तुमान मोजलं होतं. पानं ३३, त्यातली २४ नुसती लेखकांची आणि संस्थांची नावं. लेखक ५,१५४. कुणीतरी मागून म्हणालं, “सर, ही तर लग्नपत्रिका आहे.” सर म्हणाले, “लग्नच आहे. कुणी मांडव घालतो, कुणी पंगतीत पाणी वाढतो. एकट्यानं होते का?”

यूजीसीच्या २०१८ च्या नियमावलीत संशोधनाचे गुण मोजताना दोनपेक्षा जास्त लेखक असले, तर पहिल्या किंवा मुख्य लेखकाला ७० टक्के आणि बाकीच्यांना प्रत्येकी ३० टक्के गुण मिळतात. पाच हजार जणांत पहिला कोण? ज्यानं डिटेक्टरची वायर जोडली तो, की ज्यानं रात्रपाळीत स्क्रीनवर नजर ठेवली तो?

माणूस नेमायची दुसरी रीतही याच राज्यात होऊन गेली आहे. १९६१ मध्ये परदेशातल्या चार भारतीय रेडिओ खगोलशास्त्रज्ञांनी होमी भाभांना लिहिलं, आम्ही परत येऊन काम उभं करायला तयार आहोत. काही महिन्यांत भाभांची होकाराची तार गेली. त्यांतले गोविंद स्वरूप १९६३ मध्ये मुंबईच्या टीआयएफआरमध्ये आले. नारायणगावजवळ खोडदला उभ्या असलेल्या जीएमआरटीच्या ३० डिश त्यांच्याच कल्पनेतल्या. भाभांनी आधी माणसं पाहिली, दुर्बीण नंतर आली.

गडचिरोलीत २०११ पासून गोंडवाना विद्यापीठ आहे, चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन्ही जिल्ह्यांसाठी. भूगर्भशास्त्रानं एका महाखंडाला गोंडांच्याच मुलखावरून नाव दिलं, जगभरची मुलं ते पाठ करतात. इथल्या विज्ञानाचा विषय निघाला की लोक म्हणतात, जंगलातलं आकाश काळंभोर आहे, दुर्बीण बसवा. सरांना आकाश नकोच आहे. १९९१ पासून अर्काइव्हवर निबंध फुकट वाचता येतात, केंब्रिजला येतो त्याच दिवशी चंद्रपूरलाही. सरांना पाहिजे एक फळा, बरं नेट, एक-दोन विद्यार्थी आणि वाद घालायला दुसरा माणूस. त्या दुसऱ्या माणसाची सोय जयंत नारळीकरांनी १९८८ मध्ये पुण्यात आयुका उभारून केली. विद्यापीठांतले शिक्षक असोसिएट होऊन तिथे जातात, काम करतात, परत येऊन शिकवतात. पण परत यायला आधी आपली म्हणावी अशी खुर्ची लागते.

मला माझी नोकरी बारा दिवसांत लागली. तीन इंटरव्ह्यू, तेही घरी बसून. सर बारा वर्षं फॉर्म भरताहेत.

घरी आलो तेव्हा आईनं विचारलं, “सरले लागली का नोकरी?” म्हटलं, फॉर्म भरला. रात्री मी त्या वेबसाइटच्या हेल्पडेस्कला मेल लिहिला. आमच्याकडे बग कळवताना तो पुन्हा कसा दिसेल ते पायरीपायरीनं लिहितात. मीही लिहिलं: एक, कणभौतिकीत पीएचडी करा. दोन, शोधनिबंधांचा रकाना उघडा. तीन, खरा आकडा टाकून पाहा.

उत्तर आलेलं नाही. सरांच्या अर्जावर अजून दहाच लेखक आहेत.