वेलावर एक काकडी राहू दे

डोंबिवली,
भाद्रपद वद्य सप्तमी

ती. काकीस,


शिरगावहून निघताना तू डब्यात दिलेली काकडीची रवळी मी ऑफिसात वाटली. सगळ्यांनी कृती मागितली. तुझ्या वहीच्या पानाचा फोटो होताच माझ्याकडे. त्यात लिहिलंय : तांदळाचा रवा दोन वाट्या, गूळ अंदाजे, काकडी लागेल तेवढी.

रविवारी त्यावरून करायला घेतली. बाजारातली कोवळी हिरवी काकडी किसली, वरून पाणी घातलं आणि ओव्हनमध्ये ठेवली. वर रंग आला नाही, मध्ये पिठूळ राहिली. तुला फोन केला तर तू एवढंच विचारलंस, "काकडी पिवळी होती का गं?"

तिथं माझे डोळे उघडले आणि तुला करताना पाहिलेलं सगळं आठवलं. काकडी जून हवी, बिया काढलेली. कीस पिळायचा नाही, भाजलेला रवा त्याच्याच पाण्यात भिजू द्यायचा. आणि पातेल्याखाली विस्तव मंद, झाकणावर मात्र निखारे भरपूर, म्हणून तुझ्या रवळीला ती तांबूस खरपूस पापडी धरते. यातलं एक अक्षर वहीत नाही. ते आजेसासूंकडून तुझ्या हातात आलं आणि तिथेच राहिलं. तळकोकणात असंच काकडीचं धोंडस करतात. तिथल्याही किती घरांत ते असंच हातात अडकलं असेल!

काकी, तू ही रवळी कधी विकली नाहीस. विसर्जनाहून ओलेत्यानं परतणारी पोरं असोत की अंगणवाडीतली मुलं, तू पातेलं चढवतेस. पैशांचं विचारलं तर "नारळ आणून ठेवा" म्हणतेस. रवळी अशी वाटतेस, मग कृतीही वाटायला हवी, असं मला मनापासून वाटतं. लक्ष्मीबाई धुरंधरांनी १९१० साली 'गृहिणी-मित्र'मध्ये हजार पाकक्रिया लिहून ठेवल्या. १९७० साली कमलाबाई ओगल्यांचं 'रुचिरा' आलं. त्यातल्या वाटी-चमच्याच्या मापावर कितीतरी नवख्या मुली स्वयंपाक शिकल्या, माझी आईसुद्धा. तुझ्याकडेही वाटी आहेच, फक्त ती किती मोठी हे तुझ्याशिवाय कुणाला ठाऊक नाही.

मी वजनकाटा घेऊन येते. तू नेहमीसारखी मूठ भर, मी ती मूठ काट्यावर ठेवीन. तू "आता झालं" म्हणशील तेव्हा घड्याळ बघीन. झाकणावरचे निखारे किती वेळा बदललेस, तेही लिहीन. शाळेजवळच्या त्या दोघी नव्या सुनांनाही बोलावून ठेव. शिकायची त्यांची फार इच्छा आहे.

येत्या रविवारी सकाळी पालघरला उतरते. ती काठ चेपलेली पितळी वाटी घासून ठेव, आणि एक पिवळी काकडी तेवढी वेलावर राहू दे.

तुझी,
पुतणी