तिसरी पिन

शाळेत मी मुलांना नियम शिकवतो आणि घरी येऊन ते मोडतो. म्हणून चार वर्षांपूर्वी मेव्हण्याने दिलेल्या जुन्या फ्रिजचा तीन पिनांचा प्लग आमच्या स्वयंपाकघरातल्या दोन भोकांच्या सॉकेटात जाईना, तेव्हा मी फार विचार केला नाही. करवतीचे पाते घेतले आणि वरची जाडजूड पिन कापून टाकली. फ्रिज सुरू झाला. बर्फही जमला. जिच्यावाचून काही अडत नाही ती पिन दिलीच कशाला, असे म्हणून मी हसलोसुद्धा.

काही दिवसांनी आई म्हणाली, "अरे, फ्रिजला हात लावला की मुंग्या येतात."

"वय झालं तुझं," मी म्हटले.

तिने पुन्हा तक्रार केली नाही. एक लाकडी पाट फ्रिजपुढे मांडला आणि दूध काढताना ती त्यावर उभी राहू लागली. पुढे आम्हीही पाटावर उभे राहू लागलो. का, ते कुणी विचारले नाही.

यंदा वसुबारसेला आकाशकंदिलाची वायर ओढायला वायरमन आला. माझाच जुना विद्यार्थी. पाट पाहून तो थबकला. आईने कारण सांगताच त्याने फ्रिजला टेस्टर लावला. आतला दिवा पेटला.

"गुरुजी, अर्थची पिन कुठंय?"

गृहपाठ न केलेली मुले सांगतात तसल्या दोन-तीन सबबी मी सांगितल्या. त्याने त्या शांतपणे ऐकून घेतल्या आणि मग तो मला शिकवू लागला. दोन पिना विजेची ने-आण करतात. तिसरी फ्रिजचे अंग जमिनीशी बांधून ठेवते. आतल्या वायरीचे आवरण झिजले की वीज पत्र्यात उतरते. तिला तिसऱ्या पिनेची वाट मिळाली नाही, तर ती हात लावणाऱ्या माणसातून वाट काढते. ती पिन जाड असते, कारण ती चुकून दुसऱ्या भोकात जाऊ नये. आणि लांब असते, कारण ती सर्वांच्या आधी जोडली जावी आणि सर्वांच्या शेवटी सुटावी.

सर्वांच्या आधी आणि सर्वांच्या शेवटी! मी नकळत आईकडे पाहिले.

त्याने नवे सॉकेट बसवले, अर्थची वायर ओढली आणि मीटरजवळ एक लहानशी डबी लावली. गेलेली आणि परत आलेली वीज ती सारखी ताडून पाहते. ३० मिलिअँपियरची तफावत पडायच्या आत पुरवठा तोडते. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१०च्या नियमांत घरगुती जोडणीसाठी हाच आकडा होता. ६० वॅटचा जुना दिवा याच्या आठपटीहून जास्त वीज घेतो.

"एवढ्याशा विजेने माणूस दगावतो?" मी विचारले.

"याहून थोडी जास्त, आणि थोडा जास्त वेळ मिळाला, तर दगावतो, गुरुजी."

चार वर्षे! आई आणि मृत्यू यांच्यामध्ये एक पाट होता, आणि तोही तिचा तिनेच मांडलेला.

नरकचतुर्दशीला पहाटे आईने तोच पाट माझ्या अभ्यंगाला मांडला. डोक्यावर तेल थापताना ती सहज म्हणाली, "आता मुंग्या येत नाहीत हो."

माझे डोळे भरून आले. तेल गेले डोळ्यांत, असे मी तिला सांगितले.